शब्दाची वाट आणि शब्दाचें कुंपण

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांतील एक लहानसा प्रसंग महानुभाव पंथाच्या 'स्मृतिस्थळ' या ग्रंथांत नमूद आहे. पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधर यांच्यामागें पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली होती. त्यांच्यापाशीं विद्वान् शिष्यांनीं एक तात्त्विक प्रश्न काढला. शिष्य संस्कृतांत मुरलेले. तेव्हां प्रश्नहि संस्कृतांतच आला. आचार्यांनीं त्याचें उत्तर दिलें नाहीं. श्रीचक्रधरांनीं आपल्याला जें सांगितलें तें मराठींत सांगितलें, तेव्हां विचारायचें तें मराठींतच विचारावें, अशा आशयाचें त्यांचें बोलणें झालें. पुढें केशवराज सूरी, ज्यांना पंथांत केशोबास म्हणतात, ते संस्कृतांत रचना करूं लागले, तेव्हां आचार्यांनीं त्यांनाहि थोपविलें. कारण सांगितलें तें एवढेंच कीं, अशानें आपल्या म्हाताऱ्या वंचित होतील.

या प्रसंगाचा उल्लेख मराठीच्या अभिमानासाठीं पुष्कळदा होतो, आणि तो योग्यहि आहे. परंतु त्यांत भाषाभिमानाहून खोल असा एक प्रश्न दडलेला आहे. सत्य सांगायचें तर शब्दावांचून गत्यंतर नाहीं; आणि जो शब्द सत्याकडे नेतो तोच पुष्कळदां सत्याच्या आड उभा राहतो. नागदेवाचार्यांनीं एक कुंपण मोडलें. पुढें त्यांच्याच पंथानें, त्याच सत्याच्या रक्षणासाठीं, दुसरें कुंपण घातलें. आणि त्याच शतकांत, गोदावरीच्याच परिसरांत, एका तरुण तत्त्वज्ञानें असें विचारलें कीं, हीं सारीं कुंपणें काढून टाकलीं तरी शब्द हें स्वतःच एक कुंपण नाहीं काय? या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशीं असलेला संबंध आज पाहावयाचा आहे.

प्रथम त्या काळचें देवगिरि डोळ्यांपुढें आणावें. यादव राजा सिंघण याच्या आश्रयानें शार्ङ्गदेवानें 'संगीतरत्नाकर' लिहिला होता. महादेव आणि रामचंद्र या राजांचा मंत्री हेमाद्रि यानें व्रतें, दानें, तीर्थें व श्राद्धें यांचें विवरण करणारा 'चतुर्वर्गचिंतामणि' हा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. बोपदेवासारखा वैयाकरण त्याच्याच आश्रयाला होता. ही सारी संपदा संस्कृतांतील. संस्कृताचा हा राजमार्ग क्षुद्र नव्हता. देवगिरीस लिहिलेला ग्रंथ काशीस वाचतां येई, काश्मीरांत निघालेल्या सिद्धान्तावर कांचीस टीका होई. प्रांतांच्या सीमा या भाषेनें ओलांडल्या होत्या. परंतु या राजमार्गावर एक जकातनाका होता. अधिकार, उपनयन आणि कित्येक वर्षांचें व्याकरण, एवढी जकात भरल्याशिवाय पुढें जातां येत नसे. स्त्रिया आणि शूद्र यांना तर ती भरण्याचीहि मुभा नव्हती. म्हणजे पंडितांना जो काशीपर्यंत नेई, तोच मार्ग पंडिताच्या घरांतील स्त्रीला तिच्याच ओसरीवर अडवी.

ही अडचण ओळखणारे चक्रधर पहिलेच होते असें नाहीं. मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' परंपरेप्रमाणें शके १११०, म्हणजे इ. स. ११८८ मधला; त्यांत अद्वैत वेदान्त मराठी ओवींत आला होता. चक्रधरांचें वैशिष्ट्य असें कीं, त्यांनीं ग्रंथ लिहिलाच नाहीं. ते बोलले. आणि ज्या भाषेंत बोलले ती त्यांची जन्मभाषाहि नव्हे. पंथाच्या परंपरेप्रमाणें ते गुजरातेंतील भडोच येथील प्रधानाचे पुत्र. ऋद्धिपूरला श्रीगोविंदप्रभूंचें दर्शन झाल्यावर ते महाराष्ट्रांत हिंडले, आणि गोदातीरींच्या गांवोगांवीं, देवळांच्या ओसऱ्यांवर व झाडांखालीं बसून, समोर जो असेल त्याच्याशीं त्याच्या भाषेंत बोलले. समोर असणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. त्यांपैकीं महदाइसा ही तर सतत प्रश्न विचारणारी. तिचे 'धवळे' आज मराठीच्या आद्य स्त्रीकाव्यांत गणले जातात. नागदेवाचार्यांच्या मनांतील म्हाताऱ्या म्हणजे अशा स्त्रिया. दयेनें कांहीं तुकडे टाकावेत अशा त्या अनाथ श्रोत्या नव्हत्या. मूळ संवादांतच त्यांचा वाटा होता. तो संवाद संस्कृतांत गेला असता तर स्वतः विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर त्यांना दुसऱ्याकडून समजावून घ्यावें लागलें असतें.

चक्रधर उत्तरापंथें निघून गेल्यावर हें बोलणें टिकवावयाचें कसें, हा प्रश्न उभा राहिला. त्याचें उत्तर म्हाइंभटांनीं दिलें. म्हाइंभट हे सराळ्याचे. संस्कृत शास्त्रांत निष्णात. चक्रधरांकडे आले होते ते वादांत जिंकण्याच्या ईर्षेनें. हेच गृहस्थ पुढें गांवोगांव फिरून, ज्यानें जी लीळा पाहिली किंवा ऐकिली त्याच्या तोंडून ती टिपून घेऊं लागले. जमविलेली आठवण नागदेवाचार्यांना दाखवून ते तिची खातरजमा करीत. या उद्योगांतून इ. स. १२७८ च्या सुमारास 'लीळाचरित्र' सिद्ध झालें, असें सामान्यतः मानतात. मराठी गद्याचा हा पहिला मोठा ग्रंथ. शास्त्रार्थाची सारी धार ज्याच्यापाशीं होती अशा पंडितानें ती धार, एखाद्या बाईनें स्वामींना काय विचारलें आणि स्वामी नेमके काय बोलले, एवढें अचूक लिहिण्यासाठीं वापरली, ही घटना मराठीच्या इतिहासांत सामान्य नव्हे.

या अचूकपणाचें एक उदाहरण पाहण्यासारखें आहे. 'लीळाचरित्रां'त चक्रधर स्वतःविषयीं बोलतांना 'मी' म्हणण्याऐवजीं 'एथ' म्हणतात. 'एथ' म्हणजे येथें. जेथें आपण 'माझें' म्हणूं तेथें ते केवळ स्थळाचा निर्देश करतात. अहंकार सोडावा असा उपदेश कोणत्याहि पंथांत आढळेल. परंतु व्याकरणांतील प्रथमपुरुषच बाजूला सारणें ही गोष्ट निराळी आहे. म्हाइंभटांनीं हा शब्द बदलून सोपा केला असता, तर वाक्याचा अर्थ राहिला असता आणि मर्म गेलें असतें. म्हणून त्यांनीं तो जसाचा तसा ठेविला.

येथेंच शब्दाची दुसरी बाजू दिसूं लागते. शब्द इतका मोलाचा ठरला कीं, त्याची राखण करणें हेंच कर्तव्य होऊन बसलें. केशोबासांनीं लीळांतून स्वामींचीं वचनें निवडून 'सूत्रपाठ' तयार केला; त्यांनीं सांगितलेले ११४ दृष्टान्त वेंचून 'दृष्टान्तपाठ' सिद्ध केला. त्यांत आंधळ्यांनीं हत्ती चांचपल्याचाहि दृष्टान्त आहे. ज्याच्या हातीं जो अवयव लागला त्यानें तोच हत्ती मानला. ग्रंथाची मांडणी अशी कीं, आधीं सूत्र, मग दृष्टान्त, मग केशोबासांनीं जोडलेला दार्ष्टान्तिक, म्हणजे त्या कथेचा अर्थ. बोललेलें वाक्य प्रसंगांतून बाजूला निघालें, कीं त्याला अर्थ लावणारा लागतो. अर्थावर भाष्य येतें, भाष्यावर आणखी भाष्य. जें ओसरीवर बसलेल्या बाईला ऐकतां क्षणींच कळलें होतें, तें आतां शिकावयाचें शास्त्र झालें. यांत कोणाचा दोष नाहीं. बोलणारा समोर नसला कीं शब्दाला हें भोगावेंच लागतें.

पुढें एक संकट आलें. चौदाव्या शतकाच्या आरंभीं दिल्लीच्या फौजांच्या स्वाऱ्यांनीं यादवांचें राज्य खिळखिळें झालें, आणि त्या धामधुमींत 'लीळाचरित्रा'ची मूळ पोथी नाहींशी झाली. शिष्यांनीं ती पाठांतरांतून पुन्हां जुळविली. माणसें अनेक, आठवणी अनेक; त्यामुळें पाठहि अनेक झाले. एकदां असा घाव बसलेल्या माणसांना उरलें सुरलें कुलपांत ठेवावेंसें वाटलें, तर तें समजण्यासारखें आहे. चौदाव्या शतकांत महानुभावांनीं आपल्या पोथ्या सांकेतिक लिपींत लिहावयास आरंभ केला. त्यांतील प्रमुख ती सकळ लिपि. तिचें कर्तृत्व परंपरेनें 'सह्याद्रिवर्णन'कार रवळोबासांकडे दिलें जातें. लिपीची युक्ति मुळांत साधी आहे. एका अक्षराच्या जागीं ठरलेलें दुसरें अक्षर किंवा खूण योजावयाची. संकेत ठाऊक असणाऱ्याला मराठी दिसे, इतरांना नुसता अक्षरांचा गोंधळ. सकळेच्या जोडीला सुंदरी वगैरे आणखीहि लिप्या निघाल्या.

लिपीचा हेतु पाठाचें पावित्र्य राखण्याचा होता कीं मत्सरी लोकांपासून बचाव करण्याचा होता, यावर अभ्यासकांचा वाद आहे. दोन्ही हेतु असणें अशक्य नाहीं. परिणाम मात्र वादातीत आहे. म्हाताऱ्यांना कळावें म्हणून जें मराठींत लिहिलें, तें आतां कोणत्याहि संस्कृत ग्रंथाहून अधिक दुर्गम झालें. संस्कृत निदान शिकतां येत होतें. बाहेरच्या समाजाला पंथाचे ग्रंथ वाचतां येईनात. आणि जें वाचतां येत नाहीं त्याविषयीं माणसें कल्पना लढवितात. महानुभावांच्या आचारविचारांविषयीं शतकानुशतकें जे प्रवाद पसरले, त्यांना उत्तर देणारे ग्रंथ त्यांच्याच मठांत, मराठींतच पडून होते. भाषा तीच होती, पण तिच्यावर कुलूप होतें.

याच्या अगदीं उलट गति 'ज्ञानेश्वरी'ची झाली. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्यें, नेवासें येथें ज्ञानदेवांनीं गीतेच्या सातशें श्लोकांवर सुमारें नऊ हजार ओव्यांची टीका सांगितली. या ग्रंथाला कुलूप नव्हतें. जो तो वाची, जो तो उतरून घेई, आणि जो तो आपल्या समजुतीप्रमाणें सुधारीहि. कठीण शब्द आला कीं त्याजागीं ओळखीचा शब्द यावा, दोन ओव्यांच्या मध्यें एखाद्या भक्ताची ओवी शिरावी, असें जवळजवळ तीनशें वर्षें चाललें. शेवटीं शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्यें, पैठणच्या एकनाथांना जुन्या प्रती ताडून ग्रंथ शुद्ध करावा लागला. त्यापुढें कोणी आपली ओवी त्यांत घालूं नये, अशी ताकीदहि त्यांनीं देऊन ठेविली. हे तेच एकनाथ, ज्यांनीं स्वतः भागवताचा एकादश स्कंध मराठींत आणिला होता. ज्ञानाचा दरवाजा उघडणाऱ्यालाच दरवाजावर पहारा बसवावा लागला.

हे दोन इतिहास शेजारीं ठेविले म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. जी वाट सर्वांच्या पायांखालीं आहे ती झिजते, बदलते, तिला फांटे फुटतात. पण ती चालती राहते. जी कोठडींत ठेवली ती तशीच राहते. पण तिच्यावरून कोणी चालत नाहीं. महानुभावांच्या पोथ्यांतील तेराव्या शतकाचें मराठी पुष्कळ अंशीं आपल्या जुन्या रूपांत वांचलें, यांत त्या कुलपाचा वाटा आहे. भाषेच्या अभ्यासकानें त्याबद्दल कृतज्ञ असावें. पण नागदेवाचार्यांच्या म्हाताऱ्यांनीं कोणाकडे पाहावें?

या कथेंतील आणखी एक वळण सांगितल्याशिवाय राहवत नाहीं. महाराष्ट्रांतच राहावें अशी चक्रधरांची अनुयायांना आज्ञा होती. तरीहि पुढें पंथ उत्तरेंत गेला. पंजाबांत आणि थेट काबूलपर्यंत त्याचे मठ झाले. तेथें त्याला जयकृष्णी पंथ म्हणूं लागले. त्या मठांत धर्मभाषा कोणती? मराठी. पंजाबी साधकानें शास्त्र शिकावयाचें तें मराठींतून. ज्या मराठीनें महाराष्ट्रांत संस्कृताचें कुंपण मोडलें, तीच सिंधु ओलांडून गेल्यावर तेथील लोकांना संस्कृतासारखी झाली: पूज्य, गंभीर आणि आपल्या घरीं न बोलली जाणारी. भाषा बदलली नाहीं, ऐकणारा बदलला. यावरून असें म्हणावें लागतें कीं, कोणतीहि भाषा स्वभावतः मार्ग नसते किंवा अडथळाहि नसते. ती कोणासमोर बोलली जाते यावर तें ठरतें.

कुलूप उघडलें तें विसाव्या शतकाच्या आरंभीं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं सांकेतिक लिपीचा उलगडा केला. पंथांतील कांहीं महंतांनींहि विश्वासानें पोथ्या पुढें केल्या. वि. ल. भावे यांच्या 'महाराष्ट्र सारस्वता'ची पहिली आवृत्ति निघाली तेव्हां मराठी वाङ्मयाच्या इतिहासाला या दालनाची वार्ता जवळजवळ नव्हती. १९१९ च्या दुसऱ्या आवृत्तींत त्याला स्थान मिळालें. ह. ना. नेने यांनीं १९३६-३७ च्या सुमारास नागपूरहून 'लीळाचरित्रा'चे भाग छापावयास आरंभ केला, पुढें शं. गो. तुळपुळे यांनीं संपादन केलें, आणि १९७८ मध्यें वि. भि. कोलते यांची आवृत्ति निघाली. सहा शतकें मिटलेलें पुस्तक पुन्हां मराठी वाचकाच्या हातीं आलें.

हातीं आलें, परंतु कळलें काय? 'गोसावी' हा शब्द त्यांत येतो तेव्हां आपल्या डोळ्यांपुढें झोळी घेतलेला बैरागी उभा राहतो; तेथें मात्र तो स्वामी, प्रभु या अर्थीं आहे. 'नावेक' वाचून एखाद्याला नदीवरील नाव आठवेल. त्याचा अर्थ क्षणभर. 'आरोगणा' म्हटलें कीं आरोग्याची आठवण होते; तेथें ती भोजनासाठीं आहे. ज्यांना 'ज्ञानेश्वरी' पाठ आहे त्यांनाहि अर्थासाठीं कोश काढावा लागतो. राजवाड्यांना तिच्या भाषेचें स्वतंत्र व्याकरण लिहावेंसें वाटलें तें उगीच नव्हे. लिपीचें कुंपण गेलें तेव्हां काळाचें कुंपण दिसूं लागलें.

आतां तिसऱ्या प्रश्नाकडे वळूं. समजा, भाषा आपली आहे, लिपि उघडी आहे, प्रत्येक शब्दाचा अर्थ ठाऊक आहे. मग तरी सत्य शब्दांत सांपडतें काय? हा प्रश्न ज्ञानदेवांनीं 'अमृतानुभवां'त विचारला. हा दहा प्रकरणांचा, सुमारें आठशें ओव्यांचा स्वतंत्र ग्रंथ. त्याच्या तिसऱ्या प्रकरणाचें नांवच 'वाचाऋणपरिहार' असें आहे. परा, पश्यंती, मध्यमा आणि वैखरी या चार वाचा जीवाला अज्ञानाच्या झोंपेंतून जागें करतात, म्हणून त्यांचें ऋण मान्य करावयाचें. परंतु जागें झाल्यावर झोंप उरत नाहीं, आणि झोंप गेली कीं जागें करणाऱ्याचें कामहि उरत नाहीं. वाचेचें कार्य सफल होतें त्याच क्षणीं तिचें प्रयोजन संपतें.

सहावें प्रकरण 'शब्दखंडन'. त्यांत ज्ञानदेव आरंभीं शब्दाची थोरवी गातात. शब्द हा आठवण करून देणारा आहे. जें दिसत नाहीं तेंहि दाखविणारा तो एक नवलाचा आरसा आहे. मग ते विचारतात कीं, विसरलेल्याला आठवण द्यावी हें ठीक. पण ज्या आत्मवस्तूला विसर म्हणून ठाऊकच नाहीं, तिला आठवण कसली द्यावयाची? अविद्येचा नाश करतो म्हणून शब्दाचा मोठेपणा सांगावा, तर अविद्या मुळांत नाहींच. जें नाहीं त्याला मारण्यांत पराक्रम तो कोणता? अशा रीतीनें शब्दाला दोन्ही बाजूंनीं काम उरत नाहीं. यापुढील प्रकरणांत अज्ञानाचें आणि त्यामागून ज्ञानाचेंहि खंडन येतें.

येथें एखादा सहज म्हणेल कीं, शब्द निरुपयोगी आहे हें सांगण्यासाठीं एवढ्या ओव्या कशाला? शिवाय नऊ हजार ओव्यांची गीताटीका सांगणाऱ्यानें तरी असें म्हणूं नये. परंतु 'ऋण' हा शब्द या आक्षेपाचें उत्तर देतो. ऋण ज्यानें घेतलें त्यालाच फेडतां येतें. ज्यानें शब्दाचा आश्रय केलाच नाहीं त्याला शब्दापलीकडे गेलों असें म्हणण्याचा अधिकार नाहीं. ज्यांना वाट मिळालेलीच नाहीं त्यांना, वाटेनें अखेरपर्यंत जातां येत नाहीं, असें सांगणें ही क्रूर थट्टा होईल. म्हणून 'ज्ञानेश्वरी' आणि 'अमृतानुभव' यांत विरोध नाहीं. एक ग्रंथ वाट सर्वांसाठीं मोकळी करतो. दुसरा त्या वाटेलाच मुक्काम समजूं नका असें बजावतो. आंधळ्यांच्या हत्तीचा दृष्टान्तहि याहून निराळें काय सांगतो? आंधळ्यांचा हात खोटा नव्हता. हाताला लागलें तेवढाच हत्ती, हें मानणें खोटें होतें.

३ ऑक्टोबर २०२४ या दिवशीं केंद्र सरकारनें मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, आणि ज्या ऋद्धिपूरला 'लीळाचरित्र' सिद्ध झालें तेथें, आजच्या रिद्धपूरला, मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झालें. दोन्ही गोष्टी आनंदाच्या आहेत. परंतु अभिजात होणें म्हणजे काय, हें आपण संस्कृताच्या उदाहरणावरून जाणतों. भाषेचा मान वाढला कीं तिच्या दाराशीं पुन्हां जकातनाका उभा राहण्याचा संभव असतो. शुद्धाशुद्धाचा, पदवीचा, परिभाषेचा. आजहि शास्त्राच्या, न्यायाच्या, औषधाच्या गोष्टी ज्या भाषेंत बोलल्या जातात ती ऐकून, आपल्याच हिताचा मजकूर न कळल्यामुळें मुकाट्यानें मान डोलविणाऱ्या म्हाताऱ्या आपल्या घरोघरीं आहेत. कधीं ती भाषा इंग्रजी असते, आणि कधीं ती अवघड मराठीहि असते. त्या आपल्याला कांहीं विचारीत नाहींत, म्हणून त्यांना सारें कळलें असें आपण समजतों. महदाइसा मात्र विचारीत असे, आणि तिला तिच्या भाषेंत उत्तर मिळत असे. म्हणून तिचे प्रश्न आज साडेसातशें वर्षांनंतरहि आपल्याला वाचावयास मिळतात.